बेअर लेकचा शनिवार : सात जण, शटल आणि उतरतानाची रांग

शुक्रवारी संध्याकाळी सातला कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिरायची, दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेली आरक्षणं खुली झाली आणि दहा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. तिथल्या बेअर लेक या तळ्याच्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेण्याचा परवाना मिळत होता, पण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आत शिरण्याचा. सकाळचे सगळे संपले होते. दुसरा पर्याय हायकर शटलचा. एस्टेस पार्क गावात गाडी ठेवायची, सकाळी आठच्या सुमाराची बस धरायची, उद्यानात शिरल्यावर एकदा बस बदलायची आणि बेअर लेक गाठायचं. आम्ही सात जण. त्यातले दोघं सत्तरीचे, एक सहा वर्षांचा. घरात सगळ्यांचा कल गाडीकडे होता. मी बसच्या बाजूने होते.

“ताई, आई-बाबांना घेऊन बस बदलत फिरणार?” भावाने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. गाडी म्हणजे औषधं, स्वेटर, खाऊ, दमल्यावर बसायला हक्काची जागा. बस म्हणजे पाठीवर मावेल तेवढंच. तरी मी बसवर अडून बसले त्याचं कारण दुपारचं आभाळ. या उद्यानात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमणं हा अपवाद नाही, नेम आहे. सकाळच्या उन्हाने डोंगरउतार तापतात, ओलसर हवा वर चढत जाते आणि बाराच्या पुढे केव्हाही गडगडाट सुरू होतो. २०१४ च्या जुलैत इथल्याच ट्रेल रिज रोडवर लागोपाठच्या दोन दिवशी वीज पडून दोघांचा जीव गेला होता. बाराच्या आत उंचावरून खाली या, असं रेंजर ज्याला-त्याला सांगतात ते उगीच नाही. दोनला आत शिरायचं म्हणजे पाऊस, विजा आणि निसरडी वाट यांच्या मुहूर्तावर हजर व्हायचं. गाडी मिळाली असती, दिवस गेला असता. शेवटी बस ठरली.

हा सगळा खटाटोप मुळात का, ते थोडक्यात. उद्यान २६ जानेवारी १९१५ चं, क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. २०१२ मध्ये इथे सुमारे ३२ लाख लोक आले होते, २०१९ मध्ये तोच आकडा ४६ लाखांच्या पुढे गेला. सात वर्षांत ४४ टक्के वाढ, आणि रस्ते तेवढेच. त्यातही गर्दी सगळीकडे सारखी विखुरत नाही. बेअर लेकचा रस्ता साधारण नऊ मैलांचा आहे आणि पुढे तो कुठेच जात नाही. तळ्यापाशी संपतो. जो वर गेला त्याने त्याच रस्त्याने परत यायचं. या रस्त्यावर १९७८ पासून शटल आहे, म्हणजे गर्दीचा प्रश्न काही मोबाइलवर फोटो टाकणाऱ्यांनी कालपरवा आणलेला नाही. २०१६ पासून वाहनतळ भरले की रस्ता गाड्यांना बंद करायची वेळ येऊ लागली. २०२० मध्ये साथीच्या बंदीनंतर उद्यान उघडलं ते वेळेच्या परवान्यासह, आणि पुढे ती पद्धत कायमच्या आराखड्यात गेली. मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बेअर लेकच्या रस्त्यावर पहाटे पाच ते संध्याकाळी सहापर्यंत खास परवाना लागतो. उद्यानाच्या बाकी भागासाठी वेगळा, सकाळी नऊ ते दुपारी दोन एवढ्यापुरता. आरक्षणाचे दोन डॉलर, प्रवेश शुल्क निराळं.

इथे बहुतेकांची एक गल्लत होते. बेअर लेकच्या रस्त्यावर मध्ये एक मोठा वाहनतळ आहे, त्याला पार्क अँड राइड म्हणतात. तिथे गाडी लावून शटलने वर जायचं. लोकांना वाटतं, आपण गाडी तळ्यापर्यंत नेतच नाही, मग बेअर लेकचा परवाना कशाला? पण तो वाहनतळच मुळी त्या रस्त्यावर, नाक्याच्या आत आहे. गाडी तिथवर न्यायची तरी परवाना हवाच. परवान्याशिवाय दिवसा वर जायचा मार्ग म्हणजे एस्टेस पार्कहून सुटणारी हायकर शटल. तिचं तिकीट आधी काढावं लागतं आणि ते असलं की वेळेचा परवाना लागत नाही. उद्यानाचा प्रवेश पास मात्र लागतो, तो खिशात ठेवायचा.

आमची सहल २०२५ च्या जुलैतली. आज हाच बेत केला तर पैशांचा हिशेब वेगळा होईल, कारण १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या आणि वार्षिक पास नसलेल्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक पाहुण्याला ११ मोठ्या उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज १०० डॉलर जास्तीचे लावले आहेत आणि रॉकी माउंटन त्या यादीत आहे. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना ज्येष्ठ नागरिकांचा स्वस्त पास काढून देऊ, असं पुष्कळांच्या मनात असतं. तो पास अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेल्यांनाच मिळतो, व्हिसावर आलेल्यांना नाही.

आता माणसं. बाबांचा डावा गुडघा बदललेला, रक्तदाबाची गोळी चालू. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात, पायऱ्या उतरताना मात्र कठडा शोधतात. आईचे पाय ठणठणीत, पण तिला चढावर धाप लागते आणि ती ते कबूल करत नाही. भाऊ आणि वहिनी तिथलेच, डेन्व्हरजवळ राहणारे. बारा वर्षांच्या भाचीला ‘खरा ट्रेक’ हवा होता. सहा वर्षांच्या भाच्याला बस हवी होती, बाकी काहीही चाललं असतं. आई-बाबा काही आठवडे आधीच डेन्व्हरला आले होते हे आमच्या पथ्यावर पडलं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, एस्टेस पार्क साडेसात हजारांवर आणि बेअर लेक ९,४७५ फुटांवर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी वर गेले असते तर बाबांचं डोकं दुखलं असतं, हे मी पैजेवर सांगते.

सगळ्यांनी दिवसभर एकत्र राहायचं, हा हट्ट मी पहिल्यांदा मोडून काढला. आपल्याकडे सहल म्हणजे सगळे मिळून सगळं. त्यात सगळ्यात हळू चालणारा अपराधी होतो आणि सगळ्यात वेगाने चालणारा वैतागतो. म्हणून तीन गट. भाऊ आणि भाची: बेअर लेकपासून बियरस्टाट लेकच्या वाटेने पुढे. वहिनी आणि भाचा: निम्फ लेक, जमलं तर ड्रीम लेक. आई, बाबा आणि मी: बेअर लेकच्या काठाकाठाने थोडं, मग बसने खाली आणि दुसऱ्या बसने स्प्रेग लेक. भेटायची जागा पार्क अँड राइड, वेळ दुपारी दोन.

भेटायची जागा बेअर लेक न ठेवता पार्क अँड राइड ठेवली, ही या आखणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती. वर मोबाइलला रेंज धरूनच चालायचं नाही. अशा ठिकाणी एक गट वर थांबलाय, दुसरा खाली उतरलाय आणि दोघंही एकमेकांची वाट बघताहेत, असा घोळ व्हायला वेळ लागत नाही. पार्क अँड राइडला उद्यानातल्या दोन्ही मार्गांच्या बस येतात आणि गावात परत जाणारी हायकर शटलही तिथूनच सुटते. म्हणजे कोणीही, कुठल्याही बसने, कितीही चुकत-माकत आला तरी अखेर तिथेच येणार. प्रत्येक गटाकडे एक कागद दिला: थांब्यांची नावं, भेटायची वेळ आणि खाली एक नियम. उशीर झाला तर शोधायला कोणीही वर जायचं नाही.

सकाळी एस्टेस पार्कच्या व्हिजिटर सेंटरशेजारच्या बहुमजली वाहनतळात गाडी ठेवली. बसमध्ये चढताना बाबांनी कठडा धरला, आधी उजवा पाय वर ठेवला आणि मग डावा ओढून घेतला. मागे पंचवीसेक माणसं, पण कोणी हुं की चूं केलं नाही. गाव मागे पडलं, वाटेत पाइनची झाडं दाट होत गेली. भाचा खिडकीला नाक लावून प्रत्येक दगडाला अस्वल म्हणत होता.

खरी परीक्षा पार्क अँड राइडला. गावातून आलेले लोक आणि पहाटेच गाड्या लावून बसलेले लोक, सगळे बेअर लेकच्या बससाठी एकाच रांगेत. रांग वळणावळणाची, कठड्यांमधून. पुढे एक स्वयंसेवक बाई उभ्या होत्या. बस आली, भरली, थोड्या जागा उरल्या की त्या रांगेच्या बाजूने हाक देत: दोघं आहेत का कोणी? एकटा कोणी? हात वर करणारी जोडी आमच्या शेजारून पुढे जाऊन बसमध्ये चढायची. सात जणांच्या टोळक्याला असा लाभ कधीच मिळत नाही. वहिनीने ते टिपलं आणि पुढच्या हाकेला भाच्याचा हात धरून सरळ निघून गेली. आम्ही उरलेले पाच जण मागच्या बसने. वर पोचेपर्यंत भाच्याने बेअर लेकच्या पाटीखाली उभं राहून दोन खारींशी ओळख करून घेतली होती. (खारींना खाऊ घालायचा नाही. हा इथला नियम आहे, सल्ला नव्हे. त्याने शेंगदाणे खिशात ठेवले होते ते वहिनीने तिथेच काढून घेतले.)

बेअर लेक हे तळं बसथांब्यापासून इतकं जवळ आहे की निम्म्या लोकांना तिथवर पोचल्यावर ‘झालं?’ असं वाटतं. समोर हॅलेट पीक, साडेबारा हजार फुटांच्या वर उभा, कातळाचा मोठा सुळका. काठाभोवतीची वाट जेमतेम मैलभराची आणि बरीचशी सपाट. पण तळ्याच्या पहिल्या बाकापाशी माणसांची इतकी दाटी होती की फोटो काढायला पाळी लावावी लागत होती. आई म्हणाली, “इथे येऊनसुद्धा रांगच?” मी त्यांना वाटेने थोडं पुढे नेलं. दहा मिनिटं चालल्यावर बाक मोकळा मिळाला. बहुतेक लोक पहिला बाक बघून निम्फच्या वाटेला लागतात, तळ्याच्या पलीकडच्या काठाला फारसं कोणी जात नाही.

गर्दीचं हे गणित भाऊ आणि भाचीच्या वाटेवर आणखी ठसठशीत दिसलं. बियरस्टाटची वाट बेअर लेकपासूनच फुटते. सुरुवातीला चांगला चढ आहे, आणि निम्फ-ड्रीमच्या वाटेसारखी ती प्रसिद्ध नाही. भाऊ सांगत होता, पाव मैलात आवाज बंद झाले. मग लॉजपोल पाइनचं जंगल, सरळसोट खोडं, पायाखाली सुया, आणि बियरस्टाटपर्यंतच्या दीड-पावणेदोन मैलांत हाताच्या बोटांवर मोजावी इतकी माणसं. त्याच वेळेला, तिथून हाकेच्या अंतरावर, वहिनी निम्फच्या वाटेवर चालत नव्हती, सरकत होती. निम्फ लेक अर्ध्या मैलावर, ड्रीम लेक एक मैलाच्या किंचित पुढे, आणि त्याच्याही पुढे एमराल्ड, एकूण पावणेदोन मैलांवर. तीन तळी एका वाटेवर, चढ माफक, त्यामुळे लहान मुलांची कुटुंबं, ट्रायपॉडवाले, चपला घालून आलेले, सगळे त्याच वाटेला. एवढी रेटारेटी असूनही वहिनी नाराज नव्हती. निम्फच्या पाण्यावर पिवळी कमळं होती आणि भाच्याला ती मोजायची होती. अकराला ती ड्रीम लेकला होती. तिथून एमराल्ड पाऊण मैलही नाही. तिने घड्याळ बघितलं, हॅलेटच्या मागून डोकावणारा पांढरा ढग बघितला आणि मुलाला वळवलं. तोंडाशी आलेलं तिसरं तळं सोडून मागे फिरणं सोपं नसतं. त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय तिचा होता असं माझं मत आहे.

आम्ही तिघं साडेदहालाच बेअर लेकहून खाली निघालो होतो. त्या वेळची उतरणारी बस बघण्यासारखी. वर येताना उभं राहायला जागा नाही, आणि खाली जाताना बसमध्ये आम्ही आणि एक जोडपं. सकाळी लोक वर चढतात, दुपारी सगळे एकदम उतरतात. शटलच्या दिवसाची सगळी नाडी या एका गोष्टीत आहे. ज्याला सकाळी साडेदहाला उतरायची तयारी आहे त्याच्यासाठी गर्दी नावाची वस्तूच नाही.

पार्क अँड राइडला मोरेन पार्क मार्गाची दुसरी बस धरून स्प्रेग लेकला उतरलो. ही बस बेअर लेकच्या बसपेक्षा कमी वेळा येते, त्यामुळे थांब्यावरच्या फलकावर परतीच्या वेळा आधीच बघून ठेवल्या. स्प्रेग लेक हे खरं तर माणसाने अडवलेलं तळं. अॅब्नर स्प्रेग नावाच्या जुन्या वसाहतकऱ्याने आपल्या विश्रामगृहातल्या पाहुण्यांना मासे धरता यावेत म्हणून ओढ्याला बांध घातला. पुढे १९३९ मध्ये उद्यानाने प्रवेश शुल्क सुरू केलं तेव्हा ते भरणारा पहिला माणूसही हाच. बाबांना ही गोष्ट फार आवडली, आणि शंभर डॉलर अजून लागू व्हायचे होते म्हणून हसू तरी आलं.

या तळ्याभोवतीची पाऊण मैलाची वाट चाकाची खुर्ची जाईल इतकी सपाट आहे. मध्येमध्ये लाकडी फळ्यांचे पूल, ठिकठिकाणी बाकं. पाणी उथळ, तळाचे गोटे दिसतात आणि पलीकडे अमेरिकेचे पाणी दोन महासागरांत वाटून देणारी डोंगररांग एका दमात दिसते. बाबा एका पुलाच्या कठड्यावर कोपरं टेकून बराच वेळ उभे होते. खाली एक बदकीण सात-आठ पिल्लांना घेऊन लव्हाळ्यांतून चालली होती, आणि शेवटचं पिल्लू प्रत्येक वेळी मागे राहून मग पाण्यावरून पळत सुटायचं. आई म्हणाली, “हे आपल्या घरचं धाकटं.” बेअर लेकला आम्ही होतो त्यापेक्षा इथे दुप्पट वेळ रमलो. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्याने बेअर लेक टाळलं तरी चालेल, स्प्रेग टाळू नये. इथे मूस नावाची अजस्र हरणंही येतात. दिसला तर किमान १२० फूट लांब राहायचं, एल्क हे त्याहून लहान हरीण असेल तर ७५ फूट. आम्हाला दोन्ही दिसले नाहीत.

पाऊणच्या सुमारास पहिला गडगडाट झाला तेव्हा आम्ही तिघं पार्क अँड राइडला परत येऊन डबे उघडले होते. आणि प्रकरणाचा खरा भाग इथून पुढे आहे.

गडगडाट एकाच वेळी सगळ्यांना ऐकू येतो. त्यामुळे निम्फ, ड्रीम, एमराल्ड, अल्बर्टा फॉल्स, सगळीकडची माणसं एकदम माघारी वळतात. वहिनी तोवर बेअर लेकच्या थांब्यावर पोचली होती. तिच्यापुढची रांग झाडीत शिरून वळली होती, वरून टपोरे थेंब. पण ती रांग सरकत होती. रिकामी बस येते, भरते, जाते, मग पुढची येते. तिने एकदा अंदाज घेतला की एका बसमागे आपण किती पुढे सरकतो, आणि मग ती निवांत झाली. इथेही ‘दोघं आहेत का’ची हाक आली आणि तिचा आणि भाच्याचा नंबर आधी लागला. पावणेदोनच्या आत ते दोघं आमच्यापाशी होते, रेनकोटातून पाणी गाळत.

भाऊ आणि भाची बियरस्टाट लेकवर होते. तिथून उतरायला दोन वाटा. एक दक्षिणेकडे, अॅस्पेनच्या झाडीतून नागमोडी वळणं घेत बियरस्टाट ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट रस्त्याला मिळते तिथल्या बसथांब्याला, उतरणारी, १.४ मैल आणि साडेपाचशे फुटांहून थोडा जास्त उतार. दुसरी पूर्वेकडे, जंगलातून थेट पार्क अँड राइडला येणारी, सुमारे दोन मैलांची. कागदावर मी दोन्ही लिहिल्या होत्या. गडगडाट ऐकून भावाने जवळची निवडली. त्याचं म्हणणं सरळ होतं: लेकरू बरोबर आहे, लवकरात लवकर रस्ता गाठू. अर्ध्या तासात ते ट्रेलहेडला पोचलेसुद्धा. उतरताना मध्येच झाडी विरळ होते, समोर लाँग्स पीकच्या बाजूचे सगळे डोंगर उघडे पडतात, आणि भाचीच्या मते दिवसातलं सगळ्यात भारी दृश्य तेच होतं, काळ्या ढगांसकट.

थांब्यावर फक्त चार-पाच माणसं होती. भावाला वाटलं, सुटलो. मग बस आली, आणि न थांबता गेली. आत माणसं दाराला खेटून उभी होती. दुसरी आली, तिच्या चालकाने काचेतून हात हलवून ‘मागून येतेय’ अशी खूण केली. तीही भरलेली. कारण उघड आहे: बेअर लेकला बस काठोकाठ भरते, पुढे ग्लेशियर गॉर्जच्या थांब्यावर आणखी माणसं ताटकळत असतात, आणि बियरस्टाट त्याच्याही खाली. वरच्या टोकाला दोनशे माणसांची रांग असली तरी ती रिकाम्या बसपुढे उभी असते. मधल्या थांब्यावरची पाच माणसं भरलेल्या बसपुढे उभी असतात. रांगेची लांबी बघून हे कळत नाही. दोनशेंच्या मागे उभ्या असलेल्या वहिनीला साधारण किती वेळ लागेल ते सांगता येत होतं, पाच जणांत उभ्या असलेल्या भावाला काहीच सांगता येत नव्हतं. अखेर एक चालक थांबला, दोघातिघांना दाटीवाटीने घेतलं, आणि हे बापलेक अडीच वाजता आमच्यात आले. भाची दारातूनच ओरडली, “आत्या, आम्ही भिजून चिंब!” आणि ती तक्रार नव्हती.

भाऊ आणि मी यावर नंतर बराच वाद घातला. त्याचा मुद्दा विजेचा. माझं म्हणणं, विजेच्याच हिशेबाने दुसरी वाट बरी होती. सारख्या उंचीच्या दाट जंगलात असणं हे उघड्या उतारावर असण्यापेक्षा सुरक्षित मानतात, आणि ती वाट संपते ती थेट ठरलेल्या जागी. शिवाय बसची गरजच नाही. अर्धा-पाऊण मैल जास्तीचा, पण तो आपल्या पायांवर, बसच्या चालकावर नव्हे. ग्लेशियर गॉर्जला अडकलेल्यांनाही मी हेच सांगेन: खाली जाणाऱ्या बसची वाट बघत बसण्यापेक्षा, पाय चालत असतील आणि वर विजा नसतील, तर पायवाटेने अर्धा मैल चढून बेअर लेकचं टोक गाठा आणि लांब रांगेत उभे राहा. चुकीच्या दिशेने चालल्यासारखं वाटतं, पण बस तिथेच रिकामी होते. भावाला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, अर्धा तास गेला, बिघडलं काय? त्या दिवशी काही बिघडलं नाही हे खरं. आई-बाबा त्या थांब्यावर असते तर मी एवढं शांतपणे लिहिलं नसतं.

तीनची हायकर शटल मिळाली. बाबा खिडकीशी बसले आणि गाव येईपर्यंत झोपले.

आता गाडीचा पर्याय खरंच वाईट होता का, हे प्रामाणिकपणे बघायला हवं. दोन ते चारच्या वेळात आत शिरलेल्या गाड्या आम्हाला परत जाताना समोरून येताना दिसत होत्या, वायपर चालू. पण साडेचारला एस्टेस पार्कमध्ये कॉफी घेत होतो तेव्हा डोंगरांवरचं आभाळ फाटलं आणि ऊन पडलं. त्या वेळी ड्रीम लेकला जो असेल त्याला धुतलेली हवा, उतरतं ऊन आणि सकाळच्या निम्म्याहून कमी माणसं मिळाली असणार. दुपारची वादळं बरेचदा अशीच तास-दोन तासांत ओसरतात. दोन धडधाकट माणसं असती, छत्री नव्हे तर चांगला रेनकोट असता आणि गाडीत बसून वादळ निघून जाऊ द्यायचा धीर असता, तर मी तो दोन ते चारचा परवाना डोळे मिटून घेतला असता. पहाटे पाचच्या आत नाका ओलांडला तर परवाना लागतच नाही, हाही मार्ग आहे. सत्तरीच्या माणसांना पहाटे तीनला उठवून नऊ हजार फुटांवर नेणं मला मान्य नाही, इतकंच. आमच्या सात जणांसाठी सकाळची बसच योग्य होती.

भाचीने पुढच्या वर्षासाठी बेत धरलाय: बेअर लेकहून निघून ओडेसा लेक, फर्न लेक करत थेट फर्न लेक ट्रेलहेडला उतरायचं. साडेआठ-नऊ मैल, बहुतेक उतार. गाडी असती तर हा ट्रेक शक्यच नव्हता, कारण गाडी बेअर लेकला राहिली असती. शटल आहे म्हणून एका टोकाला चढून दुसऱ्या टोकाला उतरता येतं. नकाशावर एक गोष्ट तिला लाल पेनाने दाखवून ठेवली आहे. तिथे बसथांबा ट्रेलहेडला नाही, पाऊण मैल पुढे आहे, आणि दमलेल्या पायांना तो पाऊण मैल मोजून घ्यावा लागतो. पण तो मोरेन पार्क मार्गाचं शेवटचं टोक आहे, बस तिथून रिकामी निघते. शेवटची बस किती वाजता, ते त्या वर्षीच्या फलकावर बघून मगच सकाळी किती वाजता निघायचं ते ठरवू.